कर्नेलचा नकार कोणी ऐकला? सिस्टिम कॉलच्या उत्तराचा इतिहास (थ्रेड)

१/ भारतात १८८० पासून टपाल खाते मनिऑर्डर पोहोचवू लागले. पैसे घेणाऱ्याची सही असलेला फॉर्मचा एक तुकडा पाठवणाऱ्याकडे परत येई. त्याला ‘पोच’ म्हणत. पैसे पाठवले म्हणजे ते मिळालेच असे नव्हे, ही जाणीव त्या तुकड्यामागे होती. संगणकातही अशी पोच असते. ती न वाचल्याने काय घडले, त्याची ही हकिकत.

२/ फाइलमध्ये लिहिणे किंवा मेमरी मिळवणे ही कामे प्रोग्रॅम स्वतः करू शकत नाही. हार्डवेअरचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे असतो. प्रोग्रॅम त्याच्याकडे जी विनंती करतो तो ‘सिस्टिम कॉल’ आणि कर्नेल जे उत्तर देतो ती ‘रिटर्न व्हॅल्यू’.

३/ केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा पाया घातला. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलनुसार कॉल फसल्यास प्रोसेसरचा ‘कॅरी बिट’ चढवला जाई. पुढे सी भाषेत रीत ठरली : अपयश आल्यास उणे १ परत यावा आणि कारणाचा क्रमांक ‘एर्नो’ या चलात मिळावा. मात्र हे उत्तर तपासण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

४/ उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच नसते. ‘राइट’ या कॉलला हजार बाइट लिहायला सांगितले आणि उत्तर सहाशे आले, तर ती चूक नव्हे; उरलेले चारशे पुन्हा पाठवणे हे प्रोग्रॅमचे काम. तो आकडा न पाहणाऱ्याची फाइल अर्धवट राहते.

५/ १९९१ मध्ये अवतरलेल्या लिनक्सने चुकीचा क्रमांकच ऋण करून परत देण्याची पद्धत स्वीकारली. पण मेमरीचा मोठा पत्ताही ऋण संख्येसारखा दिसू शकतो. म्हणून उणे १ ते उणे ४०९५ एवढीच मूल्ये चुकांसाठी राखीव ठरली. ‘शून्याहून कमी म्हणजे चूक’ ही ढोबळ कसोटी येथे पुरत नाही.

६/ इ. स. २००० मध्ये उत्तरच खोटे निघाले. ‘सेंडमेल’ हा टपाल-प्रोग्रॅम रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार सोडण्यासाठी ‘सेटयूआयडी’ कॉल करी. लिनक्स २.२.१५ पर्यंतच्या कर्नेलमध्ये हल्लेखोराला अशी स्थिती निर्माण करता येई, की अधिकार पूर्णपणे सुटत नसत आणि उत्तर मात्र यशाचे येई. २.२.१६ मध्ये ही त्रुटी दुरुस्त झाली.

७/ २०१० मध्ये दोष ऐकणाऱ्याचा होता. अँड्रॉइडमधील ‘एडीबी’ सेवा रूट म्हणून सुरू होई आणि सेटयूआयडीने सामान्य वापरकर्ता बने. हल्लेखोराने त्या वापरकर्त्याच्या प्रोसेसची कमाल मर्यादा आधीच भरून टाकली. कॉल फसला, कर्नेलने तसे कळवलेही. पण एडीबीने उत्तर वाचलेच नाही. ती रूटच राहिली आणि फोनचा ताबा हल्लेखोराकडे गेला.

८/ असे बेसावध प्रोग्रॅम अनेक असणार, हे ओळखून २०११ मध्ये लिनक्स ३.१ ने वर्तन बदलले. या मर्यादेपायी सेटयूआयडी फसणे बंद झाले. अडवणूक पुढच्या ‘एक्झेकव्हीई’ कॉलवर गेली. ऐकणारा सुधारेना, म्हणून बोलणाऱ्याने रीत बदलली.

९/ २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांसमोर निराळाच पेच आला. ‘एफसिंक’ फसल्यास ते तो कॉल पुन्हा करीत आणि दुसऱ्यांदा यश आल्यास निश्चिंत होत. प्रत्यक्षात, डिस्कवर न पोहोचलेली पाने लिनक्सने ‘लिहिली गेली’ अशी नोंदवलेली असू शकत. दुसरे उत्तर यशाचे, पण डेटा गेलेला! फेब्रुवारी २०१९ पासून एफसिंक फसताच पोस्टग्रेस स्वतःला थांबवतो आणि आपल्या नोंदवहीवरून डेटा पुन्हा उभा करतो.

१०/ वाशीम जिल्ह्यातील धनजमधला अँड्रॉइड फोन आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणक, दोन्ही लिनक्स कर्नेलवरच चालतात. एकात कुटुंबाचा पैशांचा व्यवहार, दुसऱ्यात संशोधकांची गणिते. कर्नेलने खरे उत्तर द्यावे आणि प्रोग्रॅमने ते अर्थासह वाचावे, या दुहेरी जबाबदारीवर दोन्हींची भिस्त आहे. वरच्या तिन्ही घटनांत या साखळीची कोणती ना कोणती कडी निखळली होती.