वैद्यकीय नोंदणीचे निलंबन (अयोग्य औषधयोजनेवरून)

चुकीचे औषध, अवाजवी मात्रा किंवा अधिकार नसताना केलेली औषधयोजना यांवरून डॉक्टरची नोंदणी ठरावीक मुदतीसाठी स्थगित करण्याची कारवाई. भारतात हा अधिकार न्यायालयाचा नसून राज्य वैद्यक परिषदेचा आहे. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे. न्यायालय भरपाई देववू शकते, गुन्हा सिद्ध झाल्यास शिक्षाही देते. मात्र अवमानाची शिक्षा म्हणून कोलकाता उच्च न्यायालयाने एका डॉक्टरची नोंदणी निलंबित केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो आदेश रद्द ठरवला.

मुंबईतील पूनम वर्मा खटला (१९९६) या विषयात पायाभूत मानला जातो. जुलै १९९२ मध्ये तापाने आजारी पडलेल्या त्यांच्या पतीला होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने आधी विषाणूजन्य तापाची, मग विषमज्वराची अॅलोपॅथिक औषधे दिली. निदानासाठी रक्त तपासले नाही. रुग्ण दगावला. जी पद्धत शिकली नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ३ लाख रुपये भरपाई दिली. नोंदणीबाबतच्या कारवाईचा विचार मात्र वैद्यक परिषदांवर सोपवला.

अनुराधा साहा प्रकरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९९८ मध्ये कोलकात्यात अंगावर पुरळ उठल्यावर त्यांना डेपोमेड्रॉल हे स्टेरॉइड ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे लिहून देण्यात आले. हे इंजेक्शन शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून दोन मात्रांत कित्येक दिवसांचे अंतर ठेवतात. त्वचा सोलवटून निघणाऱ्या दुर्धर विकाराने २८ मे १९९८ रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पश्चिम बंगालच्या वैद्यक परिषदेने डॉक्टरांना निर्दोष ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फौजदारी आरोप फेटाळले, पण निष्काळजीपणा मान्य केला आणि २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी रुपये भरपाई मंजूर केली. एकाच केसपेपरवरून परिषद आणि न्यायालय इतक्या विरुद्ध निष्कर्षांना पोहोचतात, तेव्हा परिषदेच्या चौकशीवर दाद मागण्याची सोय दोन्ही पक्षांना हवी.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३० मध्ये ही सोय एकाच पक्षाला आहे. कारवाई झालेला डॉक्टर आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाकडे आणि मंडळाच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत आयोगाकडे अपील करू शकतो. तक्रारदार रुग्णाचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा त्यात उल्लेख नाही. ही उणीव संसदेने दुरुस्तीने भरून काढायला हवी.