हुशार मूल कोणी पाहिले?



दरवर्षी निकाल लागले की आपली मंडळे गुणगौरव समारंभ भरवतात. दहावी-बारावीत उत्तम गुण मिळवलेल्या मुलांना गुलाबाचे फूल, नारळ आणि एखादे पुस्तक दिले जाते. समारंभ चांगलाच आहे, मीही त्यात अनेकदा मंचावर बसलो आहे. पण तिथे ज्यांचा गौरव होतो त्यांची हुशारी गुणपत्रिकेने आधीच जाहीर केलेली असते. आपण फक्त टाळ्या वाजवतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाची बुद्धी कोण ओळखतो, कशावरून ओळखतो आणि ओळखल्यावर त्याच्यासाठी काय करतो, हा खरा प्रश्न. तो जुना आहे, आणि त्याच्या इतिहासातली काही पाने आपल्या याच बडोदे शहरात लिहिली गेली आहेत. आज ती आपण पुन्हा वाचू.

पेशवाईत विद्वत्तेची कदर होत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. श्रावणात पुण्याच्या रमण्यावर शास्त्रीपंडितांना दक्षिणा मिळत असे. पेशवाई बुडाल्यावर त्याच निधीच्या आधाराने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि पुढे त्यातूनच दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकी एक. म्हणजे धर्मादायातून शिष्यवृत्ती जन्माला आली. पण मूळ दक्षिणेची नजर एकाच आळीत फिरत होती. ज्या घरात विद्या होती, तिथेच ती विद्या शोधत होती. बाकीच्या घरांत कोण जन्मले आणि कोण तसेच मेले, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आता १८७५ साल. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले, आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून गायकवाड घराण्यातली मुले बडोद्यास आणली गेली. त्यांतला गोपाळराव निवडला गेला, तेव्हा त्याचे वय बारा होते आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. ‘येथे कशासाठी आलास?’ या प्रश्नाला त्याने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे. पण मला तिच्याहून पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. एफ. ए. एच. इलियट यांच्यासारखा शिक्षक मिळाला, सोबतीला मुले दिली गेली, मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास नेमाने झाला. डिसेंबर १८८१ मध्ये त्या मुलाने सयाजीराव महाराज म्हणून राज्याची सूत्रे हाती घेतली. हिशेब मांडा : अवघी सहा वर्षे. बाराव्या वर्षी त्याला कोणत्याही शाळेच्या परीक्षेला बसवले असते तर तो पहिल्याच पानावर नापास झाला असता.

महाराजांनी हा धडा स्वतःच्या आयुष्यातून घेतला असावा, असे मानायला त्यांचे पुढचे काम जागा देते. राज्य हाती येताच त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढायला लावल्या. सवर्ण शिक्षक तिथे जायला तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले गेले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, आणि १९०६ मध्ये तो कायदा साऱ्या राज्याला लागू झाला. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

सक्तीच्या शिक्षणाचा आणि हुशार मुलांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. जे मूल शाळेत आलेच नाही, त्याची पारख कोण करणार? आधी सगळी मुले वर्गात बसली पाहिजेत, मग त्यांतले कोण पुढे धावते ते दिसते. बडोद्याच्या कायद्यालाही एक उणे होते. मुलांसाठी वयाची मर्यादा ७ ते १२, आणि मुलींसाठी ७ ते १०. ज्या वयात बुद्धीला पंख फुटतात, त्याच वयात मुलीला घरी जाण्याची मुभा होती.

आता मुंबईला जाऊ. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेला असे. त्याच बागेत येणारे शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला पाहिले, विचारपूस केली, पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे रामजी सुभेदारांना मुलाच्या कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरच भीमरावांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मंजूर झाले. परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करायची, असा करार होता.

या हकिगतीत केळुसकरांकडे नीट पाहा. त्यांच्या हाती कोणती चाचणी नव्हती, कोणता अधिकार नव्हता, कोणत्या समितीने त्यांना नेमले नव्हते. रोज त्याच बाकावर वाचत बसणारे पोर त्यांना दिसले आणि ते त्याच्याजवळ गेले. शिवाय ते एकदाच गेले नाहीत. मुलगा अडला तेव्हा पुन्हा गेले.

पण हकीगत इथे संपत नाही, आणि बडोदेकरांनी ती इथे संपवूही नये. १९१७ मध्ये बाबासाहेब करार पाळण्यासाठी या शहरात आले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. दोन ओळखीच्या गृहस्थांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, तो मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. ज्या राज्याने त्यांची बुद्धी ओळखली, तिच्यासाठी पैसा खर्च केला, त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. हुकूम राजवाड्यातून निघत होता. दार मात्र गल्लीतल्या घराला होते.

याच सुमारास जगात दुसरी वाट तयार होत होती. १९०५ मध्ये पॅरिसात आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापनाची पहिली मोजपट्टी तयार केली. तिचा हेतू हुशार मुले शोधण्याचा नव्हता. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच ओळखून त्यांना मदत करावी, एवढाच होता. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिला नवे रूप दिले, आणि १९२१ पासून कॅलिफोर्नियातली पंधराशेहून अधिक बुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. या निवडीत दोन मुले चाचणीत कमी पडली म्हणून वगळली गेली : विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी ते कोणालाही मिळाले नाही.

ही मोजपट्टी आपल्याकडे आली तेव्हा पहिली अडचण भाषेची आली. मूळ चाचणीत लहान मुलांना अमेरिकन नाणी ओळखायला सांगत. धारवाडच्या मुलाने ती कुठे पाहिली असणार? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची नवी आवृत्ती सिद्ध केली. ती ‘मुंबई-कर्नाटक आवृत्ती’ म्हणून ओळखली जाते. तिच्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या सीमाभागातल्या या कामाची आठवण आज फारशी कोणाला नाही. मला त्याचे मोल असे वाटते की एकाच प्रदेशातल्या दोन भाषांच्या मुलांना, प्रत्येकाला त्याच्या घरच्या भाषेत, प्रश्न विचारला पाहिजे हे त्यांनी मानले. मूल उत्तर देत नाही तेव्हा त्याला उत्तर येत नाही, की प्रश्नच कळलेला नाही, हा भेद त्यामागे आहे.

स्वातंत्र्यानंतरची वाटचाल आपल्या परिचयाची आहे. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला निघाली. बुद्धिमान मुलांना निवडून त्यांच्यात समाजाच्या कामाची जाण रुजवायची, हा तिचा आग्रह. १९६३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध सुरू झाला. १९८५-८६ मध्ये नवोदय विद्यालये निघाली. पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या अमरावतीला होते. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा, ती प्रादेशिक भाषांतही, आणि पाऊणशे टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी. राहणे, जेवण, पुस्तके यांची सोय तिथेच. परीक्षेच्या मागे भाकरीची सोय हवी, हे बडोद्याचे जुने शहाणपण इथे पुन्हा दिसते.

या साऱ्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. सगळी मुले वर्गात आणणे, त्यांच्याकडे जवळून पाहणारे कोणीतरी असणे, आणि पाहिल्यानंतर शेवटपर्यंत पाठीशी राहणे. सयाजीरावांनी पहिली केली, केळुसकरांनी दुसरी केली. तिसरी १९१७ मध्ये या शहराला जमली नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत दुसरीच चुकली. मी पाचवीच्या वर्गाला गणित शिकवत असे. एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. वही अर्धी कोरी, उत्तर विचारले तर गप्प. मी तिला ‘कच्ची’ या यादीत घातले. एकदा शाळेच्या दारात तिच्या आईची भाजीची टोपली दिसली, शेजारी ही मुलगी. चार गिऱ्हाइके एकदम, प्रत्येकाच्या दोन-तीन भाज्या, पावशेर-अर्धा किलोचे वेगवेगळे भाव, आणि ही पोरगी कागद-पेन्सिलीशिवाय मोड परत करत होती. एक पैसाही चुकला नाही. घरी ती वऱ्हाडी बोले, बाजारात गुजराती, आणि माझ्या प्रश्नांची पुस्तकी मराठी तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. मी तिला दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर बसवले, तोंडी गणिते घालू लागलो. पण सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि मी तिच्या घरी गेलो नाही. जाता आले असते. घर शाळेपासून दहा मिनिटांवर होते.

म्हणून मंडळाकडे एक मागणे आहे. गुणगौरव समारंभ चालू राहू द्या. पण त्याच खर्चातला थोडा भाग पाचवी-सहावीच्या मुलांकडे वळवा. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. प्रत्येकाने जवळच्या एका शाळेत आठवड्यातून एक तास जावे, शिकवण्यासाठी नाही, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलण्यासाठी. जे मूल लक्षात राहील त्याचे नाव मंडळाच्या वहीत लिहावे, आणि ते दहावी होईपर्यंत दरवर्षी त्याच्या घरी जाऊन यावे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाच्या दिवशी ती वही या टेबलावर असावी. पहिले नाव लिहायला मी येत्या सोमवारी शाळेत जाणार आहे.