मदतीनंतरची दहा वर्षे



३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट लातूर भागातला जाणता माणूस विसरणार नाही. गणेशविसर्जनाची रात्र सरत आलेली, गावे गाढ झोपेत, आणि चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे! उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे माणसांच्या अंगावर कोसळली. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे उजाड झाली. हजारो माणसे दगावली.

मदतीला सारा महाराष्ट्र धावला. धान्य आले, कपडे आले, औषधे आली. पण मंडळी, ज्या लेकरांचे आईबाप त्या ढिगाऱ्याखाली गेले, त्यांचे पुढे काय? पांघरूण एका रात्रीत देता येते. शिक्षणाला मात्र दहा-बारा वर्षे लागतात. इतकी वर्षे कळवळा टिकत नाही. त्यासाठी संस्था लागते.

अशा दोन संस्थांची हकिगत सांगण्यासारखी आहे. भारतीय जैन संघटनेने, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुण्याजवळ वाघोलीला त्यासाठी शैक्षणिक संकुल उभे राहिले. पुढे मेळघाटातल्या आदिवासी मुलांना आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही तेथे आसरा मिळाला. दुसरी वाट राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांची. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने त्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ काढले. मुले आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत वाढावीत, ही त्यामागची दृष्टी.

यांतली कोणती वाट बरी? पुण्यात साधने अधिक, पण गाव दूर. नळदुर्गला गाव जवळ, पण साधने बेताची. माझ्या मते दोन्हींचे खरे मोल एकाच गोष्टीत आहे. पहिला गहिवर ओसरल्यावरही त्यांनी मुलांचा हात सोडला नाही.

आपल्या मुलखाला ही रीत नवी नव्हती. निजामी अमलात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठी शाळा काढणे सोपे नव्हते. तरी १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. हे गाव याच भूकंपाच्या पट्ट्यातले, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांत, १९५० साली, स्वामीजींच्याच पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याआधी नांदेडकडच्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादची वाट धरावी लागे. ज्याच्या घरी खर्चाची ऐपत, तोच जाई. बाकीच्यांचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबे. कॉलेज जवळ आले, म्हणजे भाकरी बांधून देता येईल इतके जवळ आले. गरिबाच्या पोराला याचे मोल काय, ते वेगळे सांगायला नको.

गुरुजनहो, आता आपल्याशी दोन शब्द. संस्था कितीही मोठी असो, अडलेल्या मुलाचा पत्ता तिला आपसूक लागत नाही. हजेरी घेताना एक नाव लागोपाठ आठ दिवस गैरहजर लागते. बाप वारला असेल, घर ऊसतोडीला गेले असेल, नाही तर थोरल्या मुलीवर धाकट्यांना सांभाळण्याची पाळी आली असेल. हे पहिल्यांदा कळते ते तुम्हालाच. त्या नावापुढे नुसती फुली मारू नका. सायंकाळी त्या घरी जाऊन या. कोणते वसतिगृह, कोणती शिष्यवृत्ती, कोणती संस्था त्याच्या उपयोगी पडेल, ते घरच्यांना समजावून सांगा, अर्ज स्वतः भरून द्या. आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा, पोर अजून शिकते आहे ना?

धरणी न हादरताही पुष्कळ घरे कोसळतात. त्यांची बातमी होत नाही, एवढेच.