माहितीचें चित्र : बेन श्नायडरमन

हजार आकड्यांची यादी वाचतां वाचतां मनुष्य थकतो. परंतु तीच माहिती आकार व रंग यांच्या रूपानें समोर आली, तर तींतील विसंगति एका दृष्टिक्षेपांत लक्षांत येते. संगणकाकडून हें काम करून घेणाऱ्या संशोधकांत बेन श्नायडरमन यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १९४७ सालीं न्यूयॉर्क शहरीं झाला. वडील यिद्दिश भाषेंतील पत्रकार, तर मामा डेव्हिड सेमूर हे नामांकित युद्धछायाचित्रकार. तेव्हां पाहण्याची दृष्टि त्यांना घरींच लाभली असावी.

विद्यार्थिदशेंतच त्यांनीं व आयझॅक नासी यांनीं संगणकाच्या आज्ञावलीचा आराखडा बाणांच्या जाळ्याऐवजीं एकांत एक बसणाऱ्या चौकोनांनीं दाखविण्याची रीत काढली. एका नियतकालिकाच्या परीक्षकानें शेरा मारला कीं, लेखकांनीं या निबंधाच्या सर्व प्रती गोळा करून, कोणी वाचण्यापूर्वींच, जाळून टाकाव्या! निबंध १९७३ सालीं अन्यत्र छापला गेला. १९८५ सालीं जर्मनींत त्याच आकृत्यांना राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

परंतु खरी थोरवी पुढेंच आहे. त्या काळीं बाणांच्या तपशीलवार आलेखांवर सर्वांची श्रद्धा होती. श्नायडरमन व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं विद्यार्थ्यांना ते आलेख दिले, कांहींना दिले नाहींत, आणि दोहोंचें काम ताडून पाहिलें. आलेखांमुळें काम सुधारल्याचें दिसून आलें नाहीं. तसें त्यांनीं १९७७ सालीं छापूनही टाकलें. ज्याला आकृतींचा सोस, त्यानेंच आकृतींची झडती घ्यावी, हें विरळाच.

१९७६ पासून ते मेरीलँड विद्यापीठांत अध्यापन करूं लागले. मनुष्य व संगणक यांच्या परस्पर व्यवहाराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा त्यांनीं तेथें १९८३ सालीं स्थापिली. १९९० सालीं या प्रयोगशाळेची ८० मेगाबाइटची हार्ड डिस्क भरून गेली. वापरणारे चौदा जण. जागा कोणी अडविली, तें कळेना. शाखांचा वृक्ष काढावा तर तो पडद्याबाहेर जाई. तेव्हां श्नायडरमन यांनीं एकच आयत घेतला आणि वांटणींत शेताचे तुकडे पडावे तसे त्याचे उभ्या रेघांनीं भाग पाडले. त्या भागांचे आडव्या रेघांनीं, त्यांचे पुन्हां उभ्या. फाइल जेवढी मोठी, तेवढें तिचें क्षेत्रफळ मोठें. जागा अडविणारा तुकडा आपोआप उघडा पडला. हाच ‘ट्रीमॅप’. त्यांत एक उणीव मात्र राहिली. पुष्कळ तुकडे चिंचोळ्या पट्ट्यांसारखे होत, आणि अशा दोन पट्ट्यांची तुलना डोळ्यांना जड जाई.

प्रथम समग्र दर्शन, मग जवळ जाऊन नको तें गाळणें, आणि तपशील मागितला तरच देणें, हा क्रम त्यांनीं १९९६ सालीं मांडला. १९९८ सालीं मार्टिन वॅटनबर्ग यांनीं ‘स्मार्टमनी’साठीं शेअरबाजाराचा नकाशा केला, तेव्हां पट्ट्या जाऊन चौरसासारखे तुकडे आले. त्यांत पांचशेहून अधिक कंपन्या होत्या. भाव चढला तर हिरवा रंग, उतरला तर तांबडा. बाजार कोसळे त्या दिवशीं सारा पडदा तांबडा होई, आणि त्यांत एखादा हिरवा तुकडा असला तर नजर आधीं त्याच्यावरच जाई.