पुराना पूल की 'प्याराना पूल'?

मागणी घालणे म्हटले की आपल्याकडे अजूनही दोन घरांतली वडीलधारी माणसेच डोळ्यांसमोर येतात. हल्ली मात्र मुलगा-मुलगी आपापसांत ठरवतात, आणि विचारण्यासाठी एखादी देखणी जागा शोधतात. जुना दगडी पूल त्यात बऱ्याच जणांच्या आवडीचा. हैदराबादेत मुसी नदीवर तर असा एक पूल आहे, की त्याच्या जन्माचीच कथा प्रेमाची! नाव पुराना पूल. काही जण लाडाने 'प्याराना पूल' म्हणतात.

गोवळकोंड्याचा राजपुत्र महंमद कुली म्हणे नदीपलीकडच्या चिचलम गावातल्या भागमतीवर भाळला. मुसीला पूर आलेला असताना तिला भेटायला त्याने घोडा पाण्यात घातला. हे बापाच्या, इब्राहिम कुतुबशहाच्या, कानावर गेले. त्याने मुलाला कोंडून ठेवले नाही, पूल बांधून दिला. (अशा कथांतले बाप सहसा याच्या उलट वागतात.)

आता हिशेब करून पाहू. पूल १५७८ चा. महंमद कुली जन्मला १५६५-६६ च्या सुमारास. म्हणजे हा प्रेमवीर तेव्हा बारा-तेरा वर्षांचा! भागमतीचे नाव फरिश्त्याच्या इतिहासात येते खरे, पण हारून खान शेरवानींसारख्या अभ्यासकाने ती कथाच नाकारली. माझ्या मते कारण साधे असावे : गोवळकोंड्याचा किल्ला अपुरा पडत होता, कारवानला व्यापार वाढत होता आणि नदी आडवी येत होती. पलीकडे हैदराबाद वसले ते १५९१ मध्ये, पुलानंतर तेरा वर्षांनी.

बावीस कमानींचा हा पूल सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने पाहिला आणि त्याला पॅरिसचा पाँ नफ आठवला. गंमत म्हणजे पाँ नफची पायाभरणीही १५७८ चीच. आपला पणजी-रायबंदरचा लिन्यारिशचा पूल १६३३-३४ चा, तोही दगडीच. पण त्याला कुणी प्रेमकथा चिकटवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी अशी फुगली की अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल वाहून गेले. पुराना पुलाचीही पडझड झाली, पण तो उभा राहिला. नदीपलीकडे अडकलेल्या आपल्या माणसापर्यंत पोचायला तेव्हा शहरात तेवढा एकच पूल उरला होता.