धूळघाटचे स्टेशन

नारायणगुड्याच्या शेजारचे काचीगुडा स्थानक १९१६ मध्ये, मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत उभे राहिले. त्याच्या घुमटांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण येथून उत्तरेस जाणाऱ्या मीटरगेज गाड्या ज्या आडरानातील स्थानकावरून धावत, त्या धूळघाटाचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात, मेळघाटच्या अरण्यात ते स्थानक आहे. २०१७च्या आरंभी त्या मार्गावरील वाहतूक थांबली.

निजामाच्या रेल्वेचा पूर्णा-हिंगोली फाटा १९१२ मध्ये तयार झाला आणि हिंगोलीसच संपला. उत्तरेकडे खंडव्याहून इंदूर-रतलामला जाणारा मीटरगेज मार्ग त्याच्याही आधीचा. या दोहोंमध्ये सुमारे ३०० किलोमीटरची तूट होती आणि वऱ्हाडातून जाणारा मोठा रूळ वेगळ्या मापाचा. त्यामुळे मधल्या टप्प्यासाठी माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. संस्थान असेपर्यंत ही तूट भरून निघाली नाही. स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या सुमारास, अकोल्यावरून खंडव्यापर्यंतचा मार्ग पुरा झाला आणि हैदराबाद राजस्थानशी एकाच मापाच्या रुळांनी जोडले गेले. पुढे काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने धावू लागली.

सातपुडा ओलांडणे मात्र सोपे नव्हते. गोव्याच्या वाचकांना दूधसागरचा घाट परिचित आहे. तेथे डोंगर पोखरून बोगद्यांतून वाट काढली. धूळघाटाजवळ अभियंत्यांनी निराळी युक्ती योजिली. चढ सौम्य राहावा म्हणून रूळ लांबवून वळवला आणि पुलाच्या आधाराने त्याच्याच खालच्या भागावरून पलीकडे नेला. या वळणाला लोक ‘चारचा आकडा’ म्हणत. देवनागरी ४ डोळ्यांपुढे आणला की नकाशाची गरजच उरत नाही.

प्रवाशाला जे दोन घटकांचे कौतुक, ते कोरकू वस्त्यांना बाजाराची, मजुरीची आणि दवाखान्याची वाट होते. वान रोड, धूळघाट, डाबका, तुकईथड ही स्थानके लहान. पण घाटातल्या माणसाला अकोट किंवा खंडवा गाठण्याचे स्वस्त साधन तेच होते.

पूर्णा-अकोला मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला, अकोला-अकोट मार्गावर २०२२ मध्ये गाड्या सुरू झाल्या. अकोटच्या पुढे मात्र वाघ आडवा आला. जुन्या मार्गाचा सुमारे ३८ किलोमीटरचा भाग व्याघ्र प्रकल्पातून जातो. प्रकल्प १९७३-७४ मधला, म्हणजे रूळ त्याच्या आधीचे. तथापि केवळ वडीलकीने हक्क सिद्ध होत नाही. रुंद रुळांवरून वेगाने धावणाऱ्या गाड्या अरण्याला सोसणार नाहीत, हा निसर्गप्रेमींचा आक्षेप मला रास्त वाटतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीही मार्ग अरण्याबाहेरून न्यावा, असे केंद्रास कळविले.

परंतु या वादात वाघाची बाजू मांडणारे होते, मालवाहतुकीची मांडणारेही होते; धूळघाटच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याची बाजू त्या मानाने फार थोडी ऐकू आली. हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून वळसा घेणारा पर्यायी मार्ग वऱ्हाडातील मोठ्या गावांना लाभेल, धूळघाटास नाही. तालुक्याच्या कागदोपत्री त्या गावाचे नाव ‘धूळघाट रेल्वे’ असे आहे, आणि तेथील सरकारी आरोग्य केंद्रही त्याच नावाने ओळखले जाते.