अस्थिमज्जेचे विकार आणि टी-पेशी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : अस्थिमज्जा हे रक्तपेशींचे उगमस्थान होय. तेथील विकारांत रोगप्रतिकारक पेशी भक्षक ठरतात की रक्षक, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहिला आहे.

ऐतिहासिक आढावा : पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये अप्लास्टिक ॲनिमियाचे वर्णन केले, परंतु मज्जा का सुकते, हे दीर्घकाळ अज्ञात होते. १९७० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज माते यांनी अशा रुग्णांना लिम्फोसाइटविरोधी सीरम देऊन परकी मज्जा दिली. ती रुजली नाही, तरी रुग्णांची स्वतःची मज्जा पुन्हा कार्यरत झाली. टी-पेशीच मूलपेशींचा नाश करतात, या विचारास त्यामुळे बळ मिळाले.

रक्ताच्या कर्करोगात मात्र याच पेशी उपकारक ठरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. दात्याच्या टी-पेशी उरलेल्या कर्कपेशी नष्ट करतात. मात्र त्या रुग्णाच्या त्वचेवर व यकृतावरही हल्ला करू शकतात. पुढे आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून, रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करणारी नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती साकारली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

निष्कर्ष : एका आजारात टी-पेशी दाबाव्या लागतात, तर दुसऱ्यात कामी लावाव्या लागतात, म्हणून अचूक निदान महत्त्वाचे. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या रुग्णाने ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावरच लोहाच्या गोळ्या घेत राहिल्यास मोलाचा काळ निघून जातो. तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घटलेल्या दिसताच रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवणी व्हावी, हाच या इतिहासाचा बोध होय.